बटाटे

डिसेंबरात नागपूरचे कूलर गच्चीवर पडून असतात,
वाळा काढलेला, पोटात चिमण्यांची काडीकाडी.
त्यातलाच एक ओबेदने कटरने आडवा कापला,
दोनदा नुसताच तापवला,
जस्ताचा पांढरा धूर निघून जाईस्तोवर,
आणि म्हणाला, झाली आपली भट्टी.

बारा वर्षं जहाजाच्या भटारखान्यात काढून
भाऊ परत आला तो एक दुखरा गुडघा, दोन सुऱ्या
आणि जमैकाच्या डेल्रॉयच्या गोष्टी घेऊन.
त्या गोष्टी तो फक्त चुलीपाशी सांगतो.

इतवारीत ऑलस्पाइस मागितला,
दुकानदाराने आधी गरम मसाला दाखवला, मग कबाबचिनी.
ओबेदने एक दाणा दातांत फोडला, डोळे मिटले.
जवळपास, म्हणाला. जवळपास आहे.
तिथल्या मिरचीच्या जागी भिवापुरी,
थाइमच्या जागी आमच्या कुंडीतला ओवा,
गूळ, पातीचा कांदा, आलं, जायफळ,
आणि आंबिया बहारातल्या आंबट निघालेल्या संत्र्यांचा रस.
पाट्यावर मी वाटलं.
दोन दिवस बोटं डोळ्यांना लावता आली नाहीत.

चॉप बोटभर जाड, हाडासकट, चरबीची कड राखून,
रात्रभर मसाल्यात.
लाकूड संत्र्याचं, काटोलकडचं,
डिंक्या लागून वाळलेल्या झाडांचं.
पेटलं तेव्हा आधी सालीचा वास आला
आणि मग बराच वेळ कशाचाच नाही.

"निखारे एका अंगाला, मांस दुसऱ्या.
झाकण लाव. उघडून बघू नको सारखं,
बघणाऱ्याचं जेवण उशिरा होते."

खालून झामरे काका: "काय जाळून राहिला बे ओबेद?"
आणि आई जिन्यात, हातात सवयीने उदबत्ती.

आमच्या घरी त्याला बटाटे म्हणत.
आज बटाटे आहेत, म्हणजे खिडक्या लावा,
दाराखाली ओलं फडकं, उदबत्त्या दोन,
डब्यात न्यायचे नाहीत,
कोणी विचारलं तर, बटाटे.
सातवीत जाईपर्यंत मी भाजीवाल्याकडे
खरे बटाटेही हळू आवाजात मागायचे.

ओबेद निखारे सारत होता.
"डेल्रॉय सांगायचा, त्याच्या पणज्यांचे पणजे
मळ्यांतून पळाले, डोंगरात शिरले.
रानडुक्कर मारलं की खड्डा खणायचे,
आत विस्तव, वर पाला, त्यावर माती.
धूर वर जाऊ द्यायचा नाही.
धूर दिसला की मागून कुत्री, बंदुका.
ही चव झाकून झाकून आलेली आहे."

आई पायरीवर बसली.
"म्हणजे त्यांचेही बटाटेच," ती म्हणाली.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
धूर मात्र झाकणाच्या फटीतून निघाला, जाडसर, निळा,
वारा नव्हता, सरळ वर गेला,
मोहननगरच्या टाक्यांवरून, अँटेनांवरून,
अजनीच्या रुळांवरूनही दिसला असता कोणाला बघायचं असतं तर.

शेवटी चॉप थेट निखाऱ्यांवर.
चरबी टपकली, आग उसळली, ओबेदच्या भुवया गेल्या थोड्या.
भाकरीशी खाल्ले. बाहेरून काळे,
आत गुलाबी, आधी गोड, मग घाम.
आई म्हणाली, मीठ कमी आहे.

झामरे काकांनी नको म्हटलं.
रात्री त्यांचा पुतण्या आला मागच्या जिन्याने.
दोन चॉप पेपरात गुंडाळले, शर्टाखाली धरले.
"काकू, घरी विचारलं त पनीर सांगतो."

आईने त्याला जाऊ दिलं.
मग हातातली उदबत्ती, दुपारपासूनची, न पेटवलेली,
सरळ निखाऱ्यांत टाकली.
ओबेद ओरडला, "अगं, अजून दोन आहेत वर!"

त्या दोघांना मोगऱ्याचा वास लागला.
ते तिनेच खाल्ले,
गच्चीच्या कठड्याशी उभं राहून,
हाडं चोखत,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.